यादी लावणारे खाते

उन्हाळी सुट्टी संपत आली की ठाणे जिल्ह्यातील शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेऱ्यांमधून अनधिकृत शाळांच्या याद्या बाहेर पडतात. वर्तमानपत्रांत त्या छापून येतात, खाली दंडाची रक्कम असते आणि पालकांनी आपली मुले या शाळांत घालू नयेत असा इशारा असतो. एकट्या ठाणे महापालिकेच्या हद्दीत अलीकडच्या वर्षांत अशा शाळांची संख्या ऐंशीच्या घरात गेली आणि त्यांपैकी बहुसंख्य दिव्यातल्या निघाल्या. दिवा म्हणजे पहाटेच्या गाडीने मुंबईला कामाला जाणाऱ्या कष्टकऱ्यांचे गाव. पलीकडे डोंबिवली आणि कल्याणच्या कडेच्या वस्त्यांतही याहून वेगळे चित्र नाही. यादी लागते, नोटिसा निघतात, क्वचित गुन्हे दाखल होतात, प्रकरण उच्च न्यायालयात जाते. आणि पुढच्या उन्हाळ्यात, थोड्याफार फरकाने तीच नावे घेऊन, यादी पुन्हा लागते.

या शाळा चालविणाऱ्यांची वकिली करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. चाळीच्या चार खोल्यांत ‘इंग्लिश स्कूल’ अशी पाटी लावून, अप्रशिक्षित मुलींना तुटपुंज्या पगारावर राबवून, पालकांच्या भाबड्या आशेवर पैसा करणारा माणूस हा समाजसेवक नव्हे. त्याच्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या दाखल्याला किंमत नसते, हे त्या मुलाला आठवी-नववीत दुसऱ्या शाळेच्या दारात उभे राहिल्यावर कळते. परंतु प्रश्न असा की अशा शाळा नेमक्या दिव्यातच का उगवतात? दादरला किंवा ठाण्याच्या नौपाड्यात का उगवत नाहीत? याचे उत्तर शिक्षणखात्याला ठाऊक नाही असे मानणे हा खात्याच्या बुद्धीचा अपमान होईल. जेथे लोकवस्ती वाढली आणि सरकारी वा अनुदानित शाळा वाढल्या नाहीत, तेथेच त्या उगवतात. माणसे शाळेशिवाय राहत नाहीत. सरकारने दिली नाही तर बाजारातून घेतात, आणि गरिबाला बाजारात मिळतो तो नेहमीच हलका माल.

कायदा काय म्हणतो ते पाहण्याजोगे आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. त्याच्या अठराव्या कलमान्वये मान्यतेविना शाळा चालविणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवल्यास दर दिवसाला दहा हजारांपर्यंत दंड होतो. यादीखाली छापलेली रक्कम ती हीच. पण त्याच कायद्याला सहावे कलमही आहे. जेथे शेजारात शाळा नाही तेथे सरकारने आणि स्थानिक प्राधिकरणाने कायदा लागू झाल्यापासून तीन वर्षांच्या आत शाळा स्थापन केली पाहिजे, असे ते बजावते. ही मुदत ३१ मार्च २०१३ रोजी संपली. शेजार म्हणजे किती, तेही ठरलेले आहे: पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटर, सहावी ते आठवीला तीन. आणि आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणे हे नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले आहे. अठरावे कलम मोडणाऱ्याला दंड आहे. सहावे आणि नववे मोडणाऱ्याला दंड नाही. म्हणून अठराव्याची यादी दर वर्षी निघते आणि सहाव्याची यादी कधीच निघत नाही.

आमच्या मते अनधिकृत शाळांची प्रत्येक यादी ही वस्तुतः सरकारच्याच कसुरीची यादी आहे. अमुक वस्तीत आम्ही शाळा काढली नाही, हे सरकारने आपल्या सहीशिक्क्यानिशी दिलेले कबुलीपत्र म्हणून ती वाचली पाहिजे.

कल्याण-डोंबिवलीकरांना हा ‘अनधिकृत’ शब्द नवा नाही. या शहरांतील बेकायदा बांधकामांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती अग्यार समितीने ६७ हजारांहून अधिक बांधकामे मोजली. कामगाराने आयुष्याची पुंजी घालून घेतलेले घर अनधिकृत, त्या घरातील मुलाची शाळा अनधिकृत; अधिकृत काय ते त्याचे मत आणि त्याने भरलेला कर! आराखड्यात शाळेसाठी राखून ठेवलेल्या भूखंडावर इमारत उभी राहते तेव्हा ते नगररचना विभागाचे प्रकरण मानले जाते. शिक्षणखाते त्याकडे आपल्या घरची चोरी म्हणून पाहत नाही. वास्तविक शहरात शाळेची जागा गेली की शाळाच गेली. पुढे निधी आला, शिक्षक आले तरी त्यांना बसवायचे कोठे?

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारला की आपल्याकडे सर्व बोटे एकमेकांकडे वळतात. महापालिका अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमाने प्राथमिक शाळा चालविणे हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरविले आहे. ग्रामीण भागात तेच काम १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आले. शहापूर-मुरबाडच्या आदिवासी पाड्यांतील मुलांच्या आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या, अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाच्या. खाजगी शाळांना मान्यता देणारा अधिकारी एक, त्यांची फी पाहणारी यंत्रणा दुसरी. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर मंत्रालयातील शालेय शिक्षण विभाग, पुण्याचे आयुक्तालय, संचालनालये, परिषदा. कल्याणच्या भोवतालच्या सत्तावीस गावांची कहाणी तर या कारभाराचा उत्तम नमुना आहे. १ ऑक्टोबर १९८३ रोजी महापालिका स्थापन झाली तेव्हा ही गावे आत आली, २००२ साली बाहेर पडली, २०१५ साली पुन्हा आत घेतली गेली, आणि त्यातून काही वगळण्याचा घोळ त्यानंतरही झाला. १९९६ साली पहिलीत गेलेल्या तेथील मुलाने शाळा संपेपर्यंत महापालिकाही पाहिली आणि जिल्हा परिषदही पाहिली. हद्दीचा निर्णय घेताना करआकारणी, बांधकाम परवाने आणि मतदारसंघ यांचा हिशेब सर्वांनी मांडला. शाळेचा हिशेब कोणी मांडला?

कामाची विभागणी असण्याला आमचा विरोध नाही. शाळा लोकांच्या जवळच्या संस्थेने चालवावी हे लोकशाहीला धरूनच आहे. परंतु विभागणी झाल्यावरही एक धनी असावा लागतो. महापालिकेने शाळा काढली नाही तर तिचा कान कोण धरणार हे ठरलेले असावे लागते. राज्याचे शिक्षणखाते हे त्यासाठी आहे. शाळा काढणे, शिकलेला शिक्षक नेमणे आणि शाळा पाहत राहणे, एवढी त्याची मूळ कामे. बाकीचे सारे या तिहींच्या आधाराने येते.

हा विचार काही नवा नाही, आणि परदेशातून आणलेलाही नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी सरकारला सरळ हिशेब विचारला होता: सारा भरतो शेतकरी, आणि त्या पैशावर शिकतो वरचा वर्ग, हे कसे? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, प्रशिक्षित शिक्षक द्या, त्यांना पोटापुरता पगार द्या, ही त्यांची मागणी होती. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने उचलावा अशी त्यांची योजना होती. सरकारने पैसे नाहीत म्हणून ते हाणून पाडले. त्याच दशकात शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू करून दाखविले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात कायदा झाला, तोही नगरपालिकांना मुभा देणारा, सक्ती करणारा नव्हे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) शेजारशाळेवर आधारलेली समान शाळापद्धती आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च यांची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. एकोणिसाव्या शतकात कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघाले (१८६४), पुढच्याच वर्षी जन्मलेली याच गावची यमुना जोशी आनंदीबाई होऊन अमेरिकेत डॉक्टर झाली (१८८६). तिला समुद्र ओलांडावा लागला, कारण या देशात तिच्यासाठी दार नव्हते. आज दार कायद्याने उघडे आहे. पण दिव्यातल्या मुलीला त्या दारापर्यंत पोचविणारा रस्ता सरकारने बांधलेला नाही.

उलट गेल्या चार दशकांत सरकारची पावले मागे पडत गेली. १९८३ साली विनाअनुदानित अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले आणि शिक्षणसम्राट नावाचा नवा वर्ग जन्माला आला. २००० साली शिक्षणसेवक आले: पूर्ण शिक्षकाचे काम, तीन वर्षे तीन हजार रुपये मानधन. २००१ साली ‘कायम विनाअनुदानित’ हा शब्दप्रयोग शोधण्यात आला. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ गळाले, पण त्या शाळांतील शिक्षकांना वेतनाच्या टप्प्याटप्प्यांसाठी वर्षानुवर्षे आझाद मैदानावर बसावे लागले. २०१२ साली स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा झाला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी तर सरकारने नियमांतच बदल करून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेने पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना देण्याची गरज नाही, असे ठरविले. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले. या काळात सरकारे बदलली, पक्ष बदलले, मंत्री तर किती बदलले. दिशा तेवढी बदलली नाही.

या वाटेवरचे मोठे पाऊल म्हणजे १८ सप्टेंबर २०२३ ची दत्तक शाळा योजना. कंपन्यांनी व दानशूरांनी सरकारी शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, आणि ठरलेल्या रकमेइतके साहाय्य वस्तूंच्या रूपाने दिले तर शाळेला आपले नावही जोडावे! अ आणि ब वर्गाच्या महापालिकांतील शाळेला पाच वर्षांसाठी दोन कोटी, दहा वर्षांसाठी तीन कोटी. खेड्यातील शाळेला पन्नास लाख ते एक कोटी असा दर होता. दत्तक देतात ते पोरके मूल. सरकारने आपली शाळा दत्तक द्यायला काढली याचा अर्थ आईबाप जिवंत असता मूल पोरके जाहीर केले, असाच होतो. आणि कंपनीच्या भरवशावर शाळा सोपविणे म्हणजे काय, हे कल्याणच्या माणसाला शिकवावे लागत नाही. मोहोने-आंबिवलीची एन.आर.सी. कंपनी कित्येक दशके या परिसराची अन्नदाती होती. २००९ साली तिला टाळे लागले आणि हजारो कामगारांची कुटुंबे आपल्या घामाच्या पैशांसाठी दारोदार फिरली. कारखान्याला नफ्यातोट्याचे आयुष्य असते. पहिलीतले मूल आठवी पास व्हायला आठ वर्षे लागतात, आणि त्याच्या पाठोपाठ दर वर्षी नवे मूल पहिलीत येते. पाच वर्षांची दत्तकविधाने या कामाला पुरी पडत नाहीत.

त्याच महिन्यात खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजणी मागविली. त्या वेळी जाहीर झालेले आकडे असे: १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी, २९,७०७ शिक्षक. या शाळांच्या जागी समूहशाळा उभाराव्यात अशी कल्पना मांडली गेली आणि पानशेत व तोरणमाळ ही उदाहरणे पुढे करण्यात आली. शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले म्हणजे खर्च फार, असा हिशेब. पण ही बारा मुले कोण आहेत? ती शहापूरच्या डोंगरातल्या पाड्यावरची, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची, कोकणातल्या वाडीवरची आहेत. पावसाळ्यात ओढा आडवा आला की त्यांची समूहशाळा चार महिने बंद. मुलींच्या बाबतीत तर चार किलोमीटर म्हणजे शाळा संपली. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून काय केले? मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाकडे नेली. अंगणात नेली, गुरांमागे कुरणात नेली. सरकारने अंगणवाडीचा शब्द उचलला, त्यामागचा विचार मात्र कोसबाडच्या टेकडीवरच राहिला.

आता गणवेशाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वी शाळा व्यवस्थापन समितीला मुलामागे सहाशे रुपये मिळत आणि ती गावातल्या किंवा शेजारच्या शिंप्याकडून दोन गणवेश शिवून घेई. २०२४-२५ साली मंत्रालयाने ठरविले की सबंध राज्यात एकच रंग, कापड एके ठिकाणाहून, शिलाई बचत गटांमार्फत. स्काउटच्या दुसऱ्या गणवेशाचे मात्र फक्त कापड समितीच्या हाती आणि शिलाईला शंभर रुपये, वर इतर खर्चाला दहा. परिणाम व्हायचा तोच झाला. जून गेला, स्वातंत्र्यदिन गेला, कित्येक शाळांत मुले जुन्याच कपड्यांत उभी राहिली; जेथे गणवेश पोचले तेथे ते अंगाला बसेनात. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय मागे घेऊन काम पुन्हा समित्यांकडे देण्यात आले. पाठ्यपुस्तकांना कोरी पाने जोडण्याचा प्रयोगही असाच २०२३ साली आला आणि दोन वर्षांनी गेला. पहिलीपासून हिंदीची सक्ती करणारा १६ एप्रिल २०२५ चा निर्णय जूनअखेर मागे घ्यावा लागला. खात्याला शाळा काढायला सवड मिळत नाही, पण मुलाच्या सदऱ्याचा रंग ठरवायला मिळते. जे गावाच्या शिंप्याला जमते ते मंत्रालयाने करू नये आणि जे मंत्रालयानेच करायचे ते कोणा दानशूरावर टाकू नये, एवढे साधे तारतम्य येथे हरवले आहे.

शिक्षकाचे हाल वेगळे सांगायला नकोत. कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच बिगरशैक्षणिक कामे त्याला देता येतात. प्रत्यक्षात तो आकडे भरणारा कारकून झाला आहे. आणि त्याच्या निवडीचे पावित्र्य? शिक्षक पात्रता परीक्षेतील गैरव्यवहार डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आला आणि पुढे ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. २०२५ साली नागपूर विभागात बनावट शालार्थ क्रमांकांवर पगार काढल्याचे प्रकरण आले. प्रामाणिकपणे शिकविणाऱ्या हजारोंच्या माथी हा कलंक लागतो, याचे आम्हांला अधिक दुःख आहे.

पाहणीचे काम तर खात्याने जवळपास सोडूनच दिले. जुन्या काळी ‘डिपोटी’ येणार म्हटले की शाळा सारवली जाई, मुलांचे पाढे घोकून होत. त्या धाकाचे आम्हांला कौतुक नाही. पण कोणीतरी येऊन पाहतो, ही जाणीव शाळेला होती. आज केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि पाहणीची जागा परिपत्रकाने घेतली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार आली आणि २० ऑगस्टला हजारो माणसे रुळांवर उतरली; कल्याणपुढची वाहतूक दिवसभर ठप्प झाली. प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असावी, असा शासननिर्णय १० मार्च २०२२ रोजीच निघालेला होता. समिती आहे की नाही हे पाहायला कोण गेले होते? रेल्वे अडली त्याच्या दुसऱ्या दिवशी नवा शासननिर्णय निघाला: शाळांत कॅमेरे बसवा. कॅमेरा जरूर बसवावा. परंतु कॅमेऱ्याने जे पाहायचे ते पाहणारा माणूस नसेल, शाळेत कोणाची नेमणूक कोणी केली याची नोंद तपासणारा अधिकारी नसेल, तर कॅमेरा ही भिंतीवरची आणखी एक वस्तू होऊन बसते. त्या दिवशी रुळांवर बसलेल्या आयांना राजकारणी ठरविणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते की त्या आया शिक्षणखात्याच्या पाहणीचेच काम करीत होत्या.

आपल्याच काही मित्रांकडून एक आक्षेप येतो, त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, सरकारी शाळा काढून उपयोग काय, पालकांना इंग्रजी माध्यम हवे. मराठी शाळा आहेत त्याच ओस पडत आहेत. यात तथ्य नाही असे नाही. पण मुंबई महापालिकेने २०२१ साली केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमाच्या शाळा काढल्या तेव्हा अर्जांची संख्या जागांहून कितीतरी जास्त झाली आणि सोडत काढावी लागली. म्हणजे पालक सरकारी शाळेला विटलेले नसून हयगयीला विटलेले आहेत. माध्यमाच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे: मुलाने मातृभाषेत शिकावे आणि त्याला इंग्रजी उत्तम यावी. पहिलीपासून इंग्रजी शिकविण्याचा निर्णय महाराष्ट्राने २००० सालीच घेतला. ते शिकविणारा शिक्षक तयार करण्याचे काम मात्र अर्धवट राहिले. ते काम पुरे झाले असते तर दिव्याच्या चाळीतील ‘इंग्लिश स्कूल’च्या पाटीला गिऱ्हाईक मिळाले नसते. पैशाचा आक्षेपही असाच. गोखल्यांना जे उत्तर परकीय सरकारने दिले तेच उत्तर स्वकीय सरकारने द्यावे, याला काय म्हणावे?

कार्यकर्त्यांनी मात्र मोर्चा आणि निवेदन यांवर थांबू नये. कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. शाळेचा विकास आराखडा तिने करावयाचा आहे. किती ठिकाणी या समित्या केवळ सह्यांपुरत्या आहेत, हे आपल्या वस्तीतील शाळेत जाऊन एकदा पाहावे. आपल्यातील जे कोणी संस्थाचालक आहेत त्यांनी आपल्या संस्थेचे हजेरीपट आणि पगारपत्रकेही त्याच नजरेने पाहावीत. दुसऱ्याला शिक्षणसम्राट म्हणण्याचा अधिकार तेथूनच मिळतो. आणि कल्याण, डोंबिवली, दिवा येथील आपल्या शाखांनी एक काम हाती घ्यावे. वस्तीचा नकाशा घ्यावा, त्यावर सरकारी आणि अनुदानित शाळा मांडाव्यात, प्रत्येकीभोवती एक किलोमीटरचे वर्तुळ काढावे, आणि वर्तुळांबाहेर उरलेल्या चाळी व पाडे, तेथील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या संख्येसह, लिहून काढावेत. नवव्या कलमाप्रमाणे ही नोंद महापालिकेकडे असलीच पाहिजे. ती आधी तिच्याकडे लेखी मागावी आणि दोन्ही ताडून पाहाव्यात. पुढच्या उन्हाळ्यात शिक्षणाधिकारी आपली यादी लावतील, त्याच दिवशी त्यांच्या कचेरीच्या फलकावर शेजारी ही दुसरी यादी लागली पाहिजे.